घाण्याचं काळं पाणी

ऊलाद गानेम
मंगळवार, २० नोव्हेंबर १९८४

बुश्तादादा,

तुला सलाम, वहिनीला सलाम, आईच्या कबरीला सलाम. इकडे सगळे जिवंत आहेत, एवढंच लिहिते. बरे आहेत असं लिहिलं तर खोटं होईल, आणि तू मला अक्षरं शिकवलीस ती खोटं लिहायला नव्हे.

नदीचं पाणी काळं झालंय. गढूळ म्हणत नाही मी, काळं म्हणते. शनिवारी घडा भरायला गेले तर पाण्यात काजळी कालवलेली, वर तेलाचा तवंग, आणि वास असा की नाकाला पदर लावूनच मागे फिरले. रविवारी मासे वर आले. पोरांनी टोपल्या भरून घरी आणले, आयांनी टोपलीसकट पोरांना बदडलं. सोमवारी आमची गाभण गाय पाणी पिऊन आली आणि गोठ्यात पाय झाडत मेली. कब्बूरने सुरी घेऊन तिचं पोट फाडलं, निदान वासरू तरी वाचेल म्हणून. नाही वाचलं. माझा नवरा कोपरापर्यंत रक्ताने माखून अंगणात बसला होता. सासूने हात धुवायला पाणी आणलं, तर तेही काळंच.

इथले लोक म्हणतात, वर डोंगरातल्या घाण्यांचं, जैतून पिळून उरलेलं पाणी आहे. मी म्हटलं, जैतुनाचे घाणे डोंगरात आजोबांच्या काळापासून आहेत, तेव्हा नाही झाली नदी काळी? तर कब्बूरचा चुलता जिलाली म्हणाला, "सूनबाई, तेव्हा घाण्याला खेचर होतं. खेचर थकायचं. तुझ्या भावाने मोटार बसवली, ती थकत नाही." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

दादा, पावसाचं हे चौथं वर्ष कोरडं. नदीला गुडघाभर पाणी. आमचं बीट, कांदे, गुरं, सगळं त्या गुडघाभर पाण्यावर जगतंय. तुझ्या घाण्याचं पाणी कुठे जातं तेवढं मला खरं सांग. तू नाही म्हणालास तर मी इथे सगळ्या गावाशी भांडेन. भांडणात मी कुणाला हार जात नाही, ते तुला ठाऊकच आहे.

तुझी महजूबा


ऐन दर्दार
सोमवार, २६ नोव्हेंबर १९८४

महजूबे,

गाईचं वाचून वाईट वाटलं. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याला फासावर द्यायचं का? माझ्या घाण्याचं पाणी घाण्यामागच्या खड्ड्यात जातं. सरकारी माणूस येऊन खड्डा बघून गेला. पुदिन्याचा चहा पिऊन गेला, खुश होऊन गेला.

तुमच्या गावाला एक विचार. तुम्ही पिकवता ते बीट कुठे जातं? साखर कारखान्यात. कारखान्याचा नाला कुठे उतरतो? तुमच्या गावाच्या खाली, त्याच नदीत. खालच्या गावातल्या बायका घड्यात काय भरतात ते कधी जाऊन विचारलंत? वरून आलं तर विष आणि आपण खाली सोडलं तर पाणी, हा कुठला न्याय?

आठव, या डोंगरावर काय होतं. जव आणि दगड. दगड जास्त. सरकारने जैतुनाची रोपं फुकट वाटली तेव्हा लोक हसले. आज नदीच्या काठापासून वरच्या सुळक्यापर्यंत झाडंच झाडं आहेत, आणि फळ सगळं माझ्या दारात येतं. आपल्या बापाला हे बघायला मिळालं नाही. बाप कसा गेला ते तू लहान होतीस म्हणून विसरलीस, मी नाही विसरलो. आजोबांच्या दारात शेजाऱ्यांनी पहाटे मेंढा आणून कापला, म्हणजे आर घातला, आणि झरा मागितला. उंबऱ्यावर रक्त पडलं म्हणजे घरधनी बांधला गेला. मागितलेलं दिलं नाही तर घराण्याला शाप. आजोबांनी मुकाट झरा दिला. आणि आपला बाप जन्मभर खेचरावर पाणी वाहून कंबर मोडून मेला. मी घाणा बांधला त्या दिवशी ठरवलं, माझ्या उंबऱ्यावर कुणाचं रक्त पडू द्यायचं नाही.

बसवाल्याबरोबर नव्या तेलाचा डबा पाठवतो. भाकरी बुडवून खा. कब्बूरला सांग, तोंडात तेल असलं की शिवी गिळायला सोपी जाते.

तुझा बुश्ता


ऊलाद गानेम
सोमवार, ३ डिसेंबर १९८४

दादा,

तुझा डबा पोचला. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते.

तुझं पत्र मी गावात वाचून दाखवलं. "माझा भाऊ खोटं लिहीत नाही," असं ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कब्बूर भाकरी बांधून घेऊन नदीच्या काठाकाठाने वर चालत निघाला. कुठवर काळं आहे आणि कुठून स्वच्छ आहे, ते डोळ्यांनी बघायला. वाटेत प्रत्येक गावात थांबून पाणी ओंजळीत घेतलं म्हणे. तुझ्या घाण्याच्या वरच्या अंगाला पाण्याच्या तळाचे गोटे दिसतात, दादा. खालच्या अंगाला ओंजळीतला अंगठा दिसत नाही. मध्ये दुसरं काही नाही, तुझी भिंत आहे आणि भिंतीत मोरी आहे. सूर्य मावळला की ती उघडते. तो समोरच्या काठावर बसून बघत होता.

मग तो तुझ्या दारात आला. हात रिकामे होते. एवढंच म्हणाला, "मेहुणे, मोरी बंद करा." तुझा माणूस थामी जैतून झोडायची काठी घेऊन पुढे आला. कब्बूरच्या दोन फासळ्या मोडल्या आहेत. वरच्या जबड्यातले पुढचे दात गेले. डावा कान अर्धा लोंबतोय. गाढवावर आडवा घालून आणला त्याला. तो म्हणतो, तू गच्चीवर उभा होतास. मी म्हटलं, दुसरं कुणी असेल. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

साखर कारखान्याचं म्हणशील तर तुझं खरं आहे. बीट आम्हीच घालतो, आणि त्या नाल्याचं पाणी मी पाहिलंय. खालच्या बाया मला शिव्या देत असतील आणि त्यांचं काही चुकत नाही. पण विचारायला आलेल्या माणसाच्या फासळ्या आम्ही नाही मोडल्या.

डब्याचं सांगायचं राहिलं. सासूबाई रुकियाने तो फोडला आणि तेल कोमट करून मुलाच्या जखमांना लावलं. म्हणाली, "मारणाऱ्याने मलमही पाठवलंय, मोठा दानशूर आहे तुझा भाऊ."

मला उत्तर हवंय. गच्चीवर कोण होतं?

महजूबा


ऐन दर्दार
रविवार, ९ डिसेंबर १९८४

महजूबे,

गच्चीवर मी होतो. थामीला मी "हाकल" म्हटलं होतं, "मोड" म्हटलं नव्हतं. पण थामीचा हिशोब तुझ्या सासरच्यांनी आता पुरता केला आहे.

परवा शुक्रवारी, आम्ही नमाजाला असताना, तुझ्या गावची वीस-पंचवीस माणसं आली. पैकी जिलालीला लोकांनी ओळखलं. तेलाचे रांजण कुऱ्हाडीने फोडले. अंगणात घोट्यापर्यंत तेल होतं. माझ्या दोन खेचरांच्या मागच्या पायांच्या शिरा कापल्या. ती उभी राहायला बघत होती आणि पडत होती, शेवटी मलाच त्यांच्या कपाळात गोळ्या घालाव्या लागल्या. थामी एकटा घाण्यावर होता. त्याने पट्टा वाचवायला हात घातला, कुणीतरी मोटारीचा दांडा ओढला, आणि हात मनगटापासून गेला. तो हात आम्हाला संध्याकाळी चोथ्यात सापडला.

आता खड्ड्याचं ऐक. खड्डा होता, तो पहिल्या पंधरवड्यातच भरला. मग काय करू? फळ झाडावरून उतरलं की थांबत नाही, सडतं. सगळ्या डोंगराची फळं माझ्या अंगणात ढीग लागून पडली आहेत, आणि लोक पोत्यांवर झोपून आपली पाळी धरून आहेत. त्यांना सांगू, तुमचं वर्षाचं तेल जाऊ द्या, खाली माझ्या बहिणीची गाय मेली? तू असतीस तर काय केलं असतंस? मोरीच उघडली असतीस.

डुकराच्या शिकारीची बंदूक मी तेल लावून ठेवली आहे. डुकराची गोळी माणसालाही लागते, हे कब्बूरच्या कानावर घाल. अर्ध्या कानाने ऐकू येत असेल तर.

आणि तू कोणाची, ते एकदा ठरव. आई गेली तेव्हा तुला पाठीवर घेऊन मी बाजाराला जायचो. ते पुन्हा येणार असतील तर मला कळव. बाकी काही मागत नाही.

बुश्ता


ऊलाद गानेम
मंगळवार, १८ डिसेंबर १९८४

दादा,

बसवाल्याच्या हातात देते आहे, तो उद्या दुपारी तुझ्या हातात देईल. वाचून जाळ.

ते येणार आहेत. उद्या बुधवारी संध्याकाळी इथून निघतील आणि गुरुवारी पहाटे तुझ्या दारात असतील. एवढं मी जिलालीच्या बायकोकडून काढलं. बाकी मला कुणी सांगत नाही. जिलालीच्या अंगणात माणसं जमतात, मी चहा घेऊन गेले की गप्प होतात. कब्बूर माझ्याशी बोलत नाही, माझ्याकडे पाठ करून झोपतो. काल त्याने ईदची मोठी सुरी काढली आणि दगडावर घासत बसला. अंगठ्यावर धार बघितली, पुन्हा घासली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाला, "तुझ्या कामाची गोष्ट नाही."

आमचा तांबडा बैल गोठ्यात नाही. नांगराचा बैल, घरातलं दुसरं माणूसच म्हण. सासूला विचारलं तर म्हणाली, विचारू नकोस. कब्बूरने तांबडा विकला असणार, दादा. आणि असला बैल विकून माणूस एकच वस्तू घेतो, बंदूक.

तो वाकणारा माणूस नाही. सरकारी साहेबापुढे वाकला नाही म्हणून आमची कालव्याची पाळी गेली. तुझ्यापुढे तर मरेपर्यंत वाकणार नाही.

तू घर सोड. फेस शहरात जा, वहिनीला घेऊन जा. दारं बंद दिसली की दगड मारतील, काहीतरी फोडतील आणि परत येतील. फोडू देत. फक्त तू तिथे राहू नकोस आणि बंदूक हातात घेऊ नकोस. मला नवरा पण हवा आहे आणि भाऊ पण. यातला एक घेऊन मला जगता येणार नाही.

महजूबा


ऐन दर्दार
रविवार, २३ डिसेंबर १९८४

महजूबे,

तुला आतापर्यंत कळलंय. माझ्या हाताने लिहायचं म्हणून लिहितो.

मी घर सोडलं नाही. बापाने पाणी वाहून मिळवलेली जागा सोडून मी कुठे जाऊ? गुरुवारी पहाटे धुकं होतं, अंधार होता. माणसं चढावरून वर येताना दिसली. पुढच्याच्या हातात सुरी होती. मी ओरडलो, "थांबा!" ते थांबले नाहीत. मी गोळी झाडली. कुणाला लागली ते दिसलं नाही. नंतर दिसलं.

पोलीस आले. मी तुझं पत्र त्यांना दाखवलं. जाळ म्हणाली होतीस, पण बरं झालं नाही जाळलं. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, मेलेल्याच्या बायकोनेच लिहून दिलंय की मारायला येतायत, मग आणखी काय पुरावा हवा? संध्याकाळी मला घरी सोडलं. तुझ्या पत्राने मला वाचवलं, महजूबे. हे मी जन्मभर विसरणार नाही.

तू रडत असशील. रड. मीही माणूस आहे.

बुश्ता


ऊलाद गानेम
बुधवार, २ जानेवारी १९८५

बुश्ता,

मी पांढरे कपडे घातले आहेत, चार महिने दहा दिवस घालायचे आहेत. हे पत्र सासूसमोर बसून लिहिते आहे. आता मी तिच्यापासून लपवून काही लिहीत नाही.

कब्बूरला आणला तेव्हा दार अरुंद पडलं. म्हणून आधी उंबऱ्यावरच ठेवला. छातीतलं भोक मागच्या बाजूने माझ्या मुठीएवढं होतं. उंबऱ्याचा दगड रक्त प्यायला. मी तो तीनदा घासला, रंग गेला नाही.

चौथ्या दिवशी सासूने मला समोर बसवून सांगितलं. सुरी तुझ्यासाठी नव्हती. तांबडा विकलेला नव्हता, जिलालीच्या वाड्यात होता. आठ दिवस त्याला जव चारत होते, अंग घासत होते, शिंगांना तेल लावत होते. कब्बूर तुझ्या उंबऱ्यावर आर घालायला निघाला होता. त्याच्या आईनेच त्याला पटवलं. ती म्हणाली, "बायकोच्या भावाला मारून बायको घरात कशी ठेवशील? एकदा वाक. बैल दे, मोरी बंद करून घे, आणि दोन्ही घरं शाबूत ठेव." तो दोन दिवस जेवला नाही, मग हो म्हणाला. मला सांगितलं नाही. कसं सांगेल? बायकोच्या माहेरी गुडघे टेकायला जातोय, हे आपल्यात कुठला नवरा बायकोला सांगतो? मी सुरी बघितली आणि गोठा रिकामा बघितला, आणि मला मारामारीच दिसली. ज्याच्याबरोबर चौदा वर्षं राहिले तो माणूस मला दिसला नाही. मी पत्र लिहून माझा नवरा मारला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा मी.

पण कुऱ्हाड तू आहेस, आणि मला एक गोष्ट कळायला हवी.

जिलाली कब्बूरच्या मागे होता. तो म्हणतो, उजाडलं होतं. धुकं नव्हतं. कब्बूरच्या डोक्यावर काही नव्हतं, पागोटं सोडून गळ्यात घातलं होतं, मागायला जाणारा घालतो तसं. तो चढावरून ओरडत येत होता, "बुश्ता, आर घेऊन आलोय! दार उघड!" आणि त्याच्या पुढे बैल चालत होता. एवढा मोठा तांबडा बैल. बैल स्वतःच्या पायांनी घरी परत आला. त्याच्या पाठीवर कब्बूरचं रक्त वाळलेलं होतं.

मला लांब पत्र नको. तू बैल बघितलास का? हो की नाही?

महजूबा


ऐन दर्दार
गुरुवार, १० जानेवारी १९८५

महजूबे,

हो. बघितला.

तुला खोटं लिहून मला झोप येत नाही, आता खरं लिहूनही येणार नाही. बैल बघितला, उघडं डोकं बघितलं, हाकही ऐकली. बैलाचा पुढचा पाय उंबऱ्यापासून हातभर होता. आणखी हातभर, आणि माझा घाणा गेला असता. त्या रक्ताला मला नाही म्हणता आलं नसतं. मग डोंगराची फळं सडली असती, लोकांनी माझ्या तोंडावर थुंकून दुसरीकडे घाणा काढला असता, आणि मी पुन्हा खेचरामागे. मला त्या क्षणी आजोबा दिसले, झरा देऊन आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी बैलावर नेम धरला होता. बैल खाली पडायचा तो उंबऱ्यावर पडेल म्हणून मी नळी वर उचलली. एवढा विचार मी केला, महजूबे. विचार करून गोळी झाडली.

तुझी वहिनी माहेरी निघून गेली. गावात लोक तेल काढायला येतात पण माझ्या हातचा चहा घेत नाहीत. आर अडवला त्याचं घर बसतं म्हणतात. मोटार चालू आहे आणि मी तिच्याकडे बघत बसतो.

हे इथे थांबवायला हवं, नाही तर जिलाली मला मारेल आणि माझे चुलते जिलालीला. म्हणून ठरवलं आहे. पुढच्या शुक्रवारी, अठरा तारखेला, नमाजानंतर मी तुमच्या दारात येतो. बरोबर सगळी माणसं आणि गावचे सहा म्हातारे असतील. काळा बैल घेतला आहे, तांबड्यापेक्षा मोठा. तुमच्या उंबऱ्यावर कापीन आणि कब्बूरच्या रक्ताची माफी मागीन. रक्त उंबऱ्यावर पडलं की तुला आणि रुकियाला माफ करावंच लागेल. रीत आहे. आजोबांना करावं लागलं, तुम्हालाही लागेल.

हट्ट करू नकोस. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही, तसं तुझं लहानपणापासून आहे. या वेळी सोड.

तुझा भाऊ, बुश्ता


ऊलाद गानेम
रविवार, २० जानेवारी १९८५

बुश्ता,

शुक्रवारी तू आमच्या अंगणात उभा होतास तेव्हा मी खिडकीच्या आत होते. सुतकातली बाई पुढे येत नाही, म्हणून जे बोलायचं होतं ते लिहिते.

ट्रकभर माणसं आणलीस. काळा बैल खरंच मोठा होता. आणि दारापाशी आलास तर उंबरा नाही, नुसता चर. तुझ्या म्हाताऱ्यांनी चरात बघितलं, एकमेकांकडे बघितलं, मग त्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "बुश्ता, आर घालायचा कुठे?" तू तरी कापलंस. घाईत मान नीट धरली नाहीस, बैल अर्धी मान घेऊन अंगणभर फिरला, तुझ्या म्हाताऱ्यांचे पांढरे झगे लाल झाले. रक्त मातीत गेलं आणि कुत्र्यांनी चाटलं. मातीवर सांडलेलं रक्त कुणाला बांधत नाही. रुकिया दारात येऊन तुला म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलं: "मांस घेऊन जा बाबा. आमच्याकडे शिजवायला पाणी नाही."

उंबरा कुठे गेला ते तू विचारलं नाहीस. तू रात्री घरी पोचलास तेव्हा तुला कळलंच असेल. तरी मी सांगते.

गुरुवारी आम्ही पहारीने उंबरा उचकटला. सहा माणसं लागली. गाडीत घातला आणि गाडीला तांबडा जुंपला. जिलाली आणि चार जण बरोबर गेले. तुझा ट्रक खाली येईपर्यंत ते नदीच्या वळणावर थांबले होते. माणसं सगळी तू बरोबर आणली होतीस, घाण्यावर एकटा थामी होता. त्याला कुणी बोट लावलं नाही. तो या लोकांकडे बघत राहिला, ज्यांनी त्याचा हात घेतला त्यांच्याकडे. मग स्वतःच उठून त्याने मोरीचं झाकण दाखवलं. जिलालीने विचारलं, "मोटार बंद नाही करणार?" तर म्हणाला, "बंद करायला मला एकच हात आहे, आणि आज तो दुखतोय."

मोरीच्या तोंडात आमचा उंबरा बसवला आहे. वर चुना, त्यावर दगड. आणि मोटारीवर नदीतून पाणी ओढणारा तुझा पंप चालूच ठेवला. हौद भरला, घाणा भरला, चोथा तरंगायला लागला. तुझं काळं पाणी बाहेर जायची वाट शोधत शोधत तुझ्याच घरात शिरलं. जिलाली समोरच्या काठावर बसून बघत होता, त्याच जागी, जिथे कब्बूर बसला होता. तो म्हणतो, पाणी तुझ्या उंबऱ्यावरून आत जाताना आवाजसुद्धा झाला नाही.

काल सकाळी आमच्या इथे नदीला गोटे दिसले. किती दिवस दिसतील माहीत नाही. डोंगरात आणखी घाणे आहेत, खाली आमचा कारखाना आहेच. पण पहारी आणि गाडी घेऊन आता खालच्या गावच्या बाया आमच्याकडे यायच्या आत आम्हीच कारखान्याच्या दारात जाणार आहोत, असं रुकियाने सगळ्या गावाला सांगितलं आहे. बघू किती जण येतात.

आता मोरी. पहार घेऊन फोडायला एक दुपार पुरेल, मला माहीत आहे. तू फोडायला जाशील तेव्हा चुन्याखालचा दगड नीट बघ. आम्ही तांबडं अंग वर ठेवूनच बसवला आहे. त्या दगडावर माझ्या नवऱ्याला आणून ठेवला होता. मी तीनदा घासून गेलं नाही ते तिथे आहे. तू जन्मभर भीत होतास ना, की कुणीतरी येऊन तुझ्या दारात उंबऱ्यावर रक्त ठेवील आणि काहीतरी मागेल? ठेवलंय. उंबरा माझा आहे आणि रक्त बैलाचं नाही, पण आर हा आरच. मागणं कब्बूरचंच आहे, त्या दिवशी रिकाम्या हातांनी तुझ्या दारात येऊन त्याने मागितलं होतं तेच. मोरी बंद कर.

तांबडा सुखरूप परत आला. जिलाली सांगत होता, चढावर कब्बूर पडला होता त्या जागी बैल थबकला. माती हुंगली. मग कुणी न हाकता स्वतःच निघाला, गाडी ओढत, आणि तुझ्या दाराला शिंगं टेकेपर्यंत थांबला नाही.

कब्बूरची बायको,
महजूबा